दोन हिसके

संध्याकाळी सातला वीज गेली. ती जाणार हे वेळापत्रकात छापलेलं होतं, आणि या देशात छापल्याप्रमाणे घडणारी तेवढी एकच गोष्ट उरली आहे, असं बो सिकोता म्हणत. सेनांगा गावाच्या खाली, झांबेझीच्या पश्चिम काठावरच्या मासेमारीच्या कॅम्पात त्यांनी बावीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी संध्याकाळच्या चहाला ते येतातच. निवृत्तीच्या कागदात चहाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

उकाडा होता, पण डासांसाठी शेकोटी पेटवलेली होती. भोवती तीन नवे गाइड बसले होते. उद्यापासून पाहुण्यांना होडीतून माशांपर्यंत न्यायचं काम त्यांचं. एका उंच, किंचित वाकलेल्या माणसाने येऊन चौघांना चहा दिला आणि स्वतःचा कप घेऊन तो लांब शेडच्या पायरीवर जाऊन बसला. तिथे त्याचा कंदील होता, गळांचा डबा होता आणि एक पक्कड. चहा पिताना त्याने डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्यावर दाबून धरलं.

"याला दातदुखी आहे का हो, न्दाते?" मेबेलोने हळूच विचारलं. नावाआधी आदराचं 'बो', हाक मारताना 'न्दाते', म्हणजे बाबा: वडीलधाऱ्यांसाठी इथली रीत तशी. तिघांत जीभ त्याचीच मोठी होती. "आठवडाभर बघतोय. चहा पितो का बासरी वाजवतो, तेच कळत नाही."

बाकीचे दोघे हसले. बो सिकोता हसले नाहीत.

"तू उद्या कुठे जाणार?"

"बहिऱ्या डोहाकडे. तिथले वाघमासे म्हणे कुत्र्याएवढे आहेत."

"मग ऐकून जा. ऐकीव गोष्ट नाही. माझ्या हातची जबानी आहे, खाली सह्या आहेत दोन. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण सही केलेल्या कागदावर ठेवावा लागतो."

आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते सांगू लागले.

नऊ वर्षं झाली. अठरा ऑक्टोबर, मंगळवार. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे चंद्र साडेआठच्या आत उगवणार नव्हता. हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी सकाळी लिकांदोला काम होतं ते अगदी साधं. बहिणीच्या घरी साखर आणि मक्याचं पीठ पोचवायचं. लिकांदो इथला दोन नंबरचा गाइड. एक नंबरचा होता मुयुंडा, त्याच्या बहिणीचा, इनुतुचा, नवरा. तो अकरा दिवसांपूर्वी बहिऱ्या डोहात बुडाला होता आणि वर आला नव्हता. प्रेत नाही म्हणून पुरणं नाही, पुरणं नाही म्हणून सुतक संपत नाही. सोबतीला बसलेल्या बायकांना अकराव्या दिवशी आपापली शेतं आठवू लागली होती, पण आधी उठायचं कुणी, हा प्रश्न होता.

लिकांदो अंगणात खाली बसला. रीतीप्रमाणे हलक्या टाळ्या वाजवल्या. इनुतु चटईवर नदीकडे तोंड करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

"काही दिसलं?"

"नाही."

"तिथे कुणी गळ टाकत नाही ना?"

"कोण टाकणार? म्हाताऱ्यांनी बजावलंय सगळ्यांना." आपल्याकडे हे आहेच: नदीने माणूस ठेवून घेतला असेल, तर तो परत देईपर्यंत त्या पाण्यात ना गळ, ना जाळं. तिच्याशी ओढाताण करायची नाही.

"म्हाताऱ्यांचं राहू दे. तू टाकणार नाहीस ना?"

"नाही."

"तुम्ही लोक त्याला मासेमारी म्हणत नाही, खेळ म्हणता. म्हणून विचारते, लिकांदो. गळ म्हणजे गळ."

"नाही टाकणार, म्हटलं ना."

त्याने शब्द दिला आणि परत आला. बहीण भावाला बरोबर ओळखून होती. कारण आपला धंदा कसा आहे? नदीकाठचा माणूस मासा धरतो तो खायला. आपले पाहुणे पिसांची माशी बांधलेला गळ लांब काठीने फेकतात, मासा धरतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. माझी सासू मेली तोवर तिला हे पटलं नव्हतं. तिला वाटायचं, मी कॅम्पात काही वेगळं करतो आणि लाजेने हे सांगतो.

माशाला इजा होऊ नये म्हणून गळाचा उलटा काटा आपण पकडीने चेपून सपाट करतो. असा गळ सुईसारखा आत जातो, सुईसारखा बाहेर येतो. भोक राहतं, पण ओठ फाटत नाही. मात्र त्याला एक खोड आहे. दोर पापणी लवण्याइतका जरी सैल पडला, तरी मासा गेला. म्हणून गाइड दिवसभर एकच वाक्य बोलतो, "ढील देऊ नका." लिकांदो पंधरा वर्षं ते बोलत होता. त्याची बायको सांगायची, झोपेतही तेच, आणि हाताची मूठ वळलेली.

त्या आठवड्यात त्याचा पाहुणा होता ब्लूमफाँटेनचा दाताचा डॉक्टर, फुरी म्हणून. सहासष्ट वर्षांचा, भला माणूस. चार वर्षं येत होता, पण दहा किलोचा वाघमासा त्याला मिळाला नव्हता. त्याचा विनोद एकच, पण चांगला होता. "या माशाचे दात पडले की सगळे एकदम नवे येतात. माझे पेशंट असे असते, तर मी उपाशी मेलो असतो."

मंगळवार त्याचा शेवटचा दिवस. चार वाजेपर्यंत हाताला काही लागलं नाही.

"लिकांदो, उद्या सकाळी मी चाललो," तो म्हणाला. "आता खरं सांग. मोठा मासा कुठे आहे?"

लिकांदोला ठाऊक होतं. त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. मुयुंडाची जागा रिकामी होती आणि महिनाअखेरीला मॅनेजर ती भरणार होता. दहा किलोचा फोटो भिंतीवर लागला की विचारायचं काही उरणार नव्हतं. एक नंबरच्या गाइडची हिरवी टोपी माझ्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असायची. मुयुंडा गेल्याच्या पाचव्या दिवशी, ऑफिसात कुणी नाही असं समजून, लिकांदोने ती डोक्यावर घालून बघितली होती. मी कपाटामागे फाइल शोधत होतो. कारकून खोलीत असला तरी लोक खोली रिकामीच धरतात.

"डोहात आहे," लिकांदो म्हणाला. "पण तिथे..."

"पण काय?"

"काही नाही. आपण मासा परतच सोडतो ना? म्हणजे आपण नदीतून काही घेत नाही."

फुरीला या बोलण्याचा अर्थ कळला नाही. ते त्याच्यासाठी नव्हतंच.

पावणेसहाला ते डोहात पोचले. वरच्या अंगाला खडकांवरून पाणी कोसळतं. त्याचा आवाज इतका, की एका होडीत बसलेल्या दोघांनाही ओरडून बोलावं लागतं. म्हणून तो बहिरा डोह. तिथे होडीतला आणि पाण्यात उतरलेला गाइड एकमेकांशी बोलतात ते दोरातून. एक हिसका म्हणजे ओढ. दोन हिसके म्हणजे ढील दे.

आता अकरा दिवसांपूर्वी काय झालं ते. लिकांदोने सगळ्यांना जे सांगितलं होतं ते नव्हे, जे झालं ते.

होडीत तो आणि मुयुंडा, दोघंच होते. नांगर खडकात अडकला. दोर कापून टाकला असता तर प्रश्न नव्हता. पण नांगर हरवला की तीन पानी फॉर्म भरून कारणं द्यावी लागत. तो फॉर्म मीच टाइप केला होता. मुयुंडा म्हणाला, "त्या सिकोताचा फॉर्म भरण्यापेक्षा मी बुडी मारतो," आणि दोर धरून खाली उतरला. थोड्या वेळाने दोरावर दोन हिसके आले. ढील दे. लिकांदोला ते कळले. डोक्याला कळले. पण हातांनी पंधरा वर्षं एकच गोष्ट केली होती. हात आवळले. पुन्हा दोन हिसके आले. तो घाबरला, आणि घाबरलेला गाइड काय करतो? ताण वाढवतो. तो ओढत राहिला. मग दोर खडकावर तुटला.

गावाला त्याने सांगितलं, दोर तुटला. तेवढं खरं होतंच.

"म्हणजे दोराचा फास..." मेबेलो म्हणाला.

"पायात होता," बो सिकोता म्हणाले. "मध्ये बोलू नकोस."

तर त्या मंगळवारी डोहात फुरीने गळ फेकायला सुरुवात केली. सव्वासहापर्यंत काही नाही. सहा पंचविसाला सूर्य बुडाला. लिकांदोने नांगर मुद्दाम दुसऱ्या बाजूला टाकला होता आणि त्या खडकाकडे तो बघत नव्हता. पावणेसातला पाणी काळं झालं.

"शेवटचं एकदा," फुरी ओरडला.

माशी पाण्यात पडली. दोर ताठ झाला.

गळ लागला की वाघमासा पहिली गोष्ट करतो ती उडी. हवेत उडतो, डोकं झटकतो. यानं उडी मारली नाही. तो चालू लागला. प्रवाहाच्या उलट, खडकांच्या दिशेने, सावकाश. छातीएवढ्या पाण्यातून माणूस चालतो तसा.

फुरीने काठी पुढे केली. "घे, माझा खांदा गेला. घे तू."

पाहुण्याची काठी गाइडने घ्यायची नसते. लिकांदोने घेतली.

आणि खडकांवरच्या पाण्याचा आवाज थांबला.

कमी झाला नाही. थांबला. दार लावून घ्यावं तसा. लिकांदोला फुरीचा श्वास ऐकू आला. फुरीच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.

दोरावर दोन हिसके आले.

हात आवळले. आपोआप. आणि तोंडातून सवयीने शब्द निघाले, "ढील देऊ नका."

कुणाला सांगत होता? काठी तर त्याच्याच हातात होती.

पुन्हा दोन. जोर नव्हता त्यात. परक्या घराच्या दारावर बोटाने वाजवावं, तसे.

"मुयुंडा..."

"कोण?" फुरीने विचारलं. त्याला आता ओरडावं लागत नव्हतं.

लिकांदो हातांकडे बघत राहिला. एक बोट उघडलं. दुसरं. जबानीत त्याने मला सांगितलं, "न्दाते, दगडाखालची बोटं सोडवावीत तशी सोडवली मी ती. एकेक."

दोर सुटला. काठीच्या चाकावरून भराभर गेला. सगळा गेला.

मग सैल पडला.

"सुटला," फुरी म्हणाला. त्याला बरंच वाटलं असावं.



इथून पुढचं फुरीच्या जबानीतलं आहे. लिकांदोला यातलं काही आठवत नाही.

लिकांदोची हनुवटी वर झाली. मग तोंड एका बाजूला वळलं. ओठाचा डावा कोपरा पुढे ताणला गेला... लांब... आणि तसाच राहिला.

"लिकांदो, बस खाली."

तो उठला. काठी त्याने नीट आडवी ठेवली. कसलेला माणूस काठी टाकत नाही. एक पाऊल. दुसरं. होडीच्या टोकाशी.

"लिकांदो..."

तो पाण्यात गेला. पडला नाही. उडी मारली नाही. गेला.

पाणी वाजलं नाही.

मग एकदम खडकांवरचा आवाज परत आला. फुरी हाका मारत राहिला. त्या त्याच्या त्यालाच ऐकू येत नव्हत्या. त्याने दोर गुंडाळून घेतला. माशी दोरापुढच्या तारेच्या टोकाला जिथल्या तिथे होती. हे मी दोनदा विचारलं. गळ जागेवर होता, हे त्याने वेगळ्या ओळीत लिहून खाली सही केली.

त्याला नदी ठाऊक नव्हती. शहाणा माणूस, जागचा हलला नाही. अंधारात पावणेदोन तास शिट्टी फुंकत बसला. साडेआठ वाजून गेल्यावर चंद्र उगवला, तेव्हा खालच्या अंगाला वाळूच्या पट्ट्याशी त्याला काहीतरी दिसलं. फुरीने नांगराचा दोर कापला, फॉर्मची पर्वा न करता, आणि होडी वाहवत तिकडे नेली.

लिकांदो गुडघाभर पाण्यात होता. पालथा. तोंड प्रवाहाला सामोरं, वर उचललेलं.

दमलेला मासा आपण कसा सोडतो, ते तुम्हाला आठवडाभर शिकवलंय. फेकत नाही. एक हात पोटाखाली, एक शेपटीशी. तोंड प्रवाहाकडे धरायचं. कल्ले हलू लागेपर्यंत धरून ठेवायचं. घाई करायची नाही. लिकांदोने असे शेकडो मासे सोडलेले फुरीने बघितले होते.

फुरी होडीतून बघत होता. तिथला प्रवाह उभ्या माणसाचे पाय काढतो. कुणी धरलेलं नाही, म्हणजे हा आता कलंडणार, वाहून जाणार. तो कलंडला नाही. चंद्राच्या उजेडात तसाच राहिला. स्थिर. पाणी दोन्ही अंगांनी वाहत होतं... पोट किंचित उचललेलं... घोटे एकमेकांना लागलेले.

मग तो खोकला. एकदा. पुन्हा एकदा.

आणि तेव्हा कलंडला.

शेकोटीत एक लाकूड खाली बसलं.  बो सिकोतांनी गार झालेल्या चहाचा घोट घेतला.

पहाटे, त्याच वाळूवर, दहा पावलं खाली, मुयुंडा सापडला. बाराव्या दिवशी नदी माणूस कसा परत करते ते सांगत नाही. सकाळी तुम्हाला न्याहारी करायची आहे. घोट्याभोवती दोराचा फास होता. सैल होता. दोन बोटं जातील इतका.

लिकांदो स्वतः चालत बहिणीकडे गेला. मी बरोबर होतो. मयताची नोंद करायला कारकून लागतोच. तो अंगणात बसला, टाळ्या वाजवायला विसरला. म्हणाला, "मी गळ टाकला." मग म्हणाला, "त्या दिवशी दोन हिसके आले होते. मी ढील दिली नाही." सगळं सांगितलं. टोपीचंसुद्धा. मला वाटलं होतं, ते तरी वगळेल.

बायका उठून आत गेल्या. इनुतु बराच वेळ त्याच्या ओठाकडे बघत होती. डाव्या कोपऱ्याशी रक्त सुकलेलं होतं.

"त्याने तुम्हाला सोडलं," ती म्हणाली. "मी सोडलंय असं समजू नका, बो लिकांदो."

पाठची बहीण. जन्मभर नुसतं लिकांदो म्हणत आली होती. त्या दिवसापासून परक्या माणसाला लावावं तसं ती त्याला 'बो' लावते. बाजारात भेटली तरी. फार आदराने.

दुपारी मुयुंडाला पुरलं. लिकांदो खड्डा खणायला गेला. त्याला कुणी अडवलं नाही आणि कुणी फावडंही दिलं नाही. त्याने हातांनी माती काढली. हिरवी टोपी तिसऱ्याच कुणाला मिळाली. लिकांदो पुन्हा होडीत बसला नाही. नांगराचा फॉर्म मी रद्द करून टाकला, त्यालाही नऊ वर्षं झाली. अजून कुणी मला कारण विचारलेलं नाही.

"आणि ओठ?" मेबेलोने विचारलं. 

"फुरीने त्याच रात्री टाका घातला. डॉक्टरच तो. पुढच्या वर्षी आला तेव्हा पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा. म्हणाला, माझ्या आयुष्यात असं मी पाहिलेलं नाही. टाके राहतात. भोकही राहतं."

पायरीवरचा कंदील उचलला गेला. डावं बोट ओठावर दाबूनच उंच माणूस शेकोटीकडे आला. कंदील त्याने वाळूत ठेवला आणि कप गोळा करायला वाकला. आता तिघंही त्याच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. मेबेलोने आपला कप दोन्ही हातांनी पुढे केला.

"उद्या डोहाकडे तू जातोयस?" त्या माणसाने विचारलं.

"हो, न्दाते."

"दोरावर दोन हिसके आले तर?"

"ढील द्यायची."

"नक्की?"

मेबेलोने मान हलवली.

"डोकं तेच सांगतं," लिकांदो म्हणाला. "हात ऐकत नाहीत. आज रात्री झोपताना मूठ उघडी ठेवून बघ. जमतं का."

चार कप एका हातात मावेनात. तेव्हा ओठावरचं बोट काढून त्याने दुसरा हात पुढे केला. कंदिलाचा उजेड खालून त्याच्या तोंडावर पडला होता. बोटामागे साचलेला चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक धारेने हनुवटीवर उतरला.

भोक लहान होतं, गोल. नऊ वर्षांनंतरही कडा ओल्या आणि स्वच्छ. फाटल्याची खूण कुठेच नव्हती.